रात्री अडीचला समोर कोण खेळतंय?

यावेळी आलेल्या पत्रांत निम्मी गेमबद्दलचीच आहेत, त्यामुळे या अंकात तीच घेतेय. बाकीच्यांना उत्तर पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न: मी मालवणचा, ट्रॉलरवर खलाशी आहे. जून-जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून झाप घातलेले, दिवसा जाळ्यांची कामं आणि रात्री मोबाईलवर ती किल्ले बांधायची नि सैन्य पाठवायची गेम. रात्री अडीचला पण दोन सेकंदात समोर खेळाडू मिळतो, नाव माणसाचं, बाजूला झेंडा पण असतो. तीन मॅच सलग हरलो की चौथीला समोरचा असा खेळतो की मुद्दाम हरतोय. हा माणूसच ना? मित्र म्हणतात तुका खूळ लागला.

उत्तर: दादा, खूळबिळ काही नाही, तुम्ही बरोबर ओळखलंय असं मला वाटतं. बऱ्याच मोबाईल गेममध्ये खालच्या लेव्हलला समोर माणूस नसतोच, बॉट असतो, म्हणजे माणसाच्या जागी खेळणारा प्रोग्रॅम. कारण सरळ आहे, त्या वेळेला तुमच्या ताकदीचा माणूस ऑनलाइन नसला तर तुम्हाला थांबवून ठेवावं लागतं, आणि थांबवलं की लोक गेम बंद करतात, सारखे हरले तर डिलीटच करतात. म्हणून हरत्या माणसाला मध्येच एक सोपा बॉट देतात. बॉट ठेवण्यात मला काही वाईट वाटत नाही, पण त्याला माणसाचं नाव आणि झेंडा लावून बसवणं ही फसवणूक आहे, हे मी स्पष्ट सांगते. जिंकल्याचा आनंद माणसाला हरवल्याचा असतो, तो खोटा निघाला तर वाईट वाटणारच.

आता ओळखायचं कसं. पहिलं म्हणजे वेळ बघा. बॉट लगेच खेळला तर कळेल म्हणून त्याला मुद्दाम थांबायला लावतात, कधी एक सेकंद कधी तीन, पण ते थांबणं असंच कुठेही असतं. माणूस तसा थांबत नाही. आमच्याकडे गणपतीच्या जागरणाला पडवीत पत्त्यांच्या मेंढीकोटचा डाव बसतो, त्यात माझे काका सोपं पान असलं की खाली टाकून मोकळे, पण हुकमाचा एक्का हातात आणि मेंढी, म्हणजे दश्शी, खाली पडलेली असली की हातातली पानं उगाच परत नीट लावायला लागतात, सगळ्या वाडीला कळतं. माणूस अवघड जागी अडतो आणि सोप्या जागी धावतो. समोरचा सोप्या चालीला पण तेवढाच थांबतोय आणि किल्ला पडायच्या वेळी पण तेवढाच, तर संशय घ्या.

दुसरं, तीच युक्ती तीनदा करून बघा. डिसेंबर २०१८ मध्ये गूगलच्या डीपमाइंड या कंपनीच्या अल्फास्टार या प्रोग्रॅमने स्टारक्राफ्ट २ या गेममध्ये दोन प्रो खेळाडूंना ५-० ५-० हरवलं होतं. पण तो प्रोग्रॅम नकाशाचा त्याला दिसणारा सगळा भाग एकाच वेळी बघत होता, माणसाला मात्र स्क्रीन इकडून तिकडे न्यावी लागते. मग माणसासारखीच स्क्रीन हलवावी लागणारं व्हर्जन त्यातल्याच एका खेळाडूसमोर, माना नावाने खेळणाऱ्या, लाइव्ह बसवलं. मानाने काय केलं, एका विमानातून दोन-तीन सैनिक मागच्या बाजूला उतरवायचे, प्रोग्रॅमचं सगळं सैन्य तिकडे धावत आलं की उचलून न्यायचे, ते परत गेलं की पुन्हा उतरवायचे. प्रोग्रॅम दर वेळी सगळं सैन्य घेऊन मागे. तेवढ्यात मानाने आपलं सैन्य वाढवलं आणि जिंकला. माणूस दुसऱ्या वेळेला चिडतो आणि तिसऱ्या वेळेला तिथे चार जण पहाऱ्याला ठेवून पुढे जातो.

पण दादा, नक्की खात्री झाल्याशिवाय चॅटमध्ये कोणाला बॉट म्हणून शिव्या घालू नका. २०१२ मध्ये बॉटप्राइझ नावाच्या स्पर्धेत, गेम गोळीबाराची होती पण मुद्दा हाच, दोन बॉटना परीक्षकांनी निम्म्याहून जास्त वेळा माणूस ठरवलं आणि खऱ्या माणसांना सरासरी ४० टक्केच वेळा. म्हणजे खरी माणसंच बॉट म्हणून जास्त वेळा नापास झाली. समोर तुमच्यासारखाच कोणी बंदीच्या दिवसांत जागा असलेला रत्नागिरीचा किंवा वेरावळचा खलाशी पण असू शकतो.

प्रश्न: मुलगा दहा वर्षांचा, दापोलीत बुद्धिबळ शिकवणारं जवळ कोणी नाही म्हणून कॉम्प्युटरशी खेळतो. सोपी लेव्हल लावली तर कॉम्प्युटर दहा चाली एकदम भारी खेळतो आणि मग अचानक वजीर फुकट देतो. मुलगा म्हणतो आई हा मला लहान समजून देतोय, आणि खेळायचं सोडून देतो.

उत्तर: ताई, मुलाने जे पकडलं ते पकडायला संशोधकांना पण वेळ लागला. सोपी लेव्हल पुष्कळदा अशीच करतात, भारी इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, घ्यायचं आणि मध्येमध्ये त्याला जाणूनबुजून चुकीची चाल खेळायला लावायची. पण त्या चुका माणसाच्या नसतात. नवशिका सहसा वजीर असा विनाकारण देत नाही, तो घोड्याची लांबची उडी बघायला विसरतो, किंवा प्यादं मारायच्या नादात राजाकडे बघत नाही.

२०२० मध्ये टोरोंटो आणि कॉर्नेल विद्यापीठ व मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी माइया नावाचं इंजिन केलं ते यासाठीच. त्याला जिंकायला शिकवलंच नाही, लिचेस या फुकट साइटवर लोकांनी खेळलेले लाखो डाव दाखवून एवढंच विचारलं की या जागी या ताकदीचा माणूस कुठली चाल खेळेल. ११०० पासून १९०० रेटिंगपर्यंत (रेटिंग म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा) नऊ वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत, आणि आपल्या रेटिंगच्या माणसाची चाल त्या निम्म्या वेळा बरोबर ओळखतात. त्यातल्या तीन लिचेसवर बॉट म्हणून खेळायला मिळतात, आणि नावापुढे चक्क बॉट असं लिहिलेलं असतं, लपवाछपवी नाही.

माझी भाची गुहागरला असते, तिच्याबरोबर पावसात लाईट गेली असताना मोबाईलच्या उजेडात ११०० वाल्या माइयाशी खेळलो. भाचीने घोडा अशा घरात नेला की पुढच्या चालीत राजा आणि हत्ती दोन्ही मारात. माइयाने ते बघितलंच नाही, कोपऱ्यातलं प्यादं मारलं. भाची उडालीच, म्हणाली मावशी मी पण हेच केलं असतं! तेव्हा मला पटलं की मुलाला शिकवायला असलाच जोडीदार पाहिजे, त्याची चूक बघून आपली चूक कळते. एक सांगून ठेवते, ११०० वाली आवृत्ती ११०० च्या माणसापेक्षा जरा पक्की खेळते, कारण ती बहुतेकांची सगळ्यात कॉमन चाल खेळते, एकट्या माणसाचं मध्येच लक्ष उडतं तसं तिचं उडत नाही. पहिले काही डाव मुलगा हरेल, शेजारी बसा.

प्रश्न: मी रत्नागिरीत इंजिनीअरिंगला आहे. प्रोग्रॅम नाव लपवून खऱ्या लोकांशी खेळवतात असं वाचलं, आणि ते खूप जिंकतात म्हणे. हे बरोबर आहे का? आणि स्वतःशीच करोडो डाव खेळून शिकलेला प्रोग्रॅम माणसासारखा का खेळत नाही?

उत्तर: दुसरा प्रश्न आधी घेते, तो जास्त छान आहे. एकास एक गेममध्ये स्वतःशी खेळून शिकलेलं चालतं, पण जिथे दुसऱ्याशी जमवून घ्यायचं असतं तिथे ते फसतं. मेंढीकोटचंच बघ, तुमच्या आळीत जोडीदाराने लहान पान टाकलं म्हणजे हुकूम नाही असा इशारा असेल, पलीकडच्या गावात त्याच पानाचा अर्थ उलटा. जन्मभर स्वतःशीच खेळलेला माणूस स्वतःचेच इशारे बनवतो आणि मग आपल्यात येऊन बसला की जोडीदाराचं वाटोळं.

डिप्लोमसी नावाचा जुना बोर्ड गेम आहे, १९५९ चा. सात जण, पहिल्या महायुद्धाआधीच्या युरोपचा नकाशा, फासे नाहीत, सगळं बोलून, वचन देऊन आणि मोडून. फेसबुकवाल्या मेटाचा सिसेरो हा प्रोग्रॅम यात उतरवला २०२२ मध्ये, तेव्हा त्याला माणसांच्या खेळलेल्या डावांवर आणि मेसेजवर शिकवावं लागलं, नुसतं स्वतःशी खेळून भागलं नाही. तो एका ऑनलाइन लीगमध्ये नाव न सांगता ४० डाव खेळला, ८२ माणसांबरोबर, आणि एकापेक्षा जास्त डाव खेळलेल्यांत वरच्या १० टक्क्यांत आला. त्याला पकडलं कोणीच नाही, एकाने डाव संपल्यावर चॅटमध्ये संशय घेतला तेवढंच.

आता बरोबर का. अल्फास्टार पण २०१९ मध्ये नाव लपवून युरोपच्या सर्व्हरवर खेळला, पण आधी गेममध्ये विचारलं होतं, तुम्हाला असल्या प्रोग्रॅमशी खेळायचंय का, हो म्हणणाऱ्यांनाच तो मिळाला. शिवाय पाच सेकंदांत २२ पेक्षा जास्त वेगळ्या क्रिया करायच्या नाहीत असं बंधन घातलं, आणि तरी तो ९९.८ टक्के खेळाडूंच्या वर गेला. ही पद्धत मला मान्य आहे. समोर कोण येईल हे माहीत नसलं तरी चालेल, पण मशीन येऊ शकतं हे आधी माहीत पाहिजे. सिसेरोचं माझ्या मनाला तेवढं पटत नाही, कारण तिथे माणसं त्याच्याशी बोलत होती, त्याच्यावर विश्वास टाकत होती. तुला प्रोजेक्ट करायचा असेल तर पहिल्या दिवसापासून बॉटच्या नावात बॉट लिही.

प्रश्न: कॉम्प्युटर वरच्या लेव्हलला चीटिंग करतो का? (सावंतवाडी)

उत्तर: हो, काही गेममध्ये करतो आणि ते उघड असतं. सिव्हिलायझेशन या राज्य उभारायच्या गेममध्ये वरच्या लेव्हलला कॉम्प्युटरला सुरुवातीलाच जास्तीचं सामान आणि सवलती मिळतात, तो हुशार झालेला नसतो. लेव्हलची माहिती वाचून मगच निवडा.

प्रश्न: पैसे लावून लुडो खेळायचो, समोर बॉटच असायचे असं आता वाटतं. गेलेले पैसे मिळतील का? (देवगड)

उत्तर: दादा, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम चालवायला आणि त्यांची जाहिरात करायला बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, त्यामुळे कोणी आता नवीन लिंक पाठवून परत खेळा म्हणत असेल तर उघडू नका. वॉलेटमध्ये शिल्लक अडकली असेल तर स्क्रीनशॉट, व्यवहाराचे नंबर, तारखा जपून ठेवा, ॲपकडे लेखी मागा. फसवून पैसे काढलेत असं वाटत असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, आणि घरच्यांना पण सांगा, एकट्याने सोसत बसू नका.