वासराच्या आतड्याला जंतू चिकटतो कसा?

प्रश्न : आमच्या एचएफ संकरित गाईचं वासरू दुसऱ्या दिवशी पिवळं, पाण्यासारखं हगायला लागलं आणि तिसऱ्या दिवशी दगावलं. डॉक्टरांनी ई. कोलाय सांगितलं. तो जंतू तर सगळ्याच जनावरांच्या शेणात असतो. मग गाय ठणठणीत आणि वासरूच का गेलं? घरातल्या मुलांना धोका आहे का?
– एक वाचक, निपाणी तालुका

उत्तर : शेणातले बहुतेक ई. कोलाय निरुपद्रवी असतात. वासराला लोळवणाऱ्या प्रकाराच्या अंगावर मात्र प्रथिनांचे केसासारखे तंतू असतात. त्यांना एफ-5 म्हणतात, जुनं नाव के-99. लहान आतड्यातला माल सतत पुढे सरकतो; ज्या जंतूला पकड नाही, तो शेणाबरोबर बाहेर पडतो. एफ-5 तंतू आतड्याच्या पेशींवरची एक ठरावीक साखर धरतात. मग जंतू तिथंच वाढतो आणि विष सोडतो. त्या विषामुळं पेशी क्षार आणि पाणी आतड्यात सोडत राहतात. पेशी फारशा फुटत नाहीत, म्हणून शेणात सहसा रक्त नसतं, तापही क्वचितच. वासरू मरतं ते अंगातलं पाणी आटून.

नवजात वासराच्या आतड्यात ही साखर भरपूर असते, वयाबरोबर पकडीच्या जागा घटतात. म्हणून हा आजार मुख्यतः पहिल्या चार-पाच दिवसांतला, आणि गाय सुटते.

चिकातली प्रतिपिंडं या तंतूंवर बसली की जंतूला चिकटता येत नाही. 30 किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत 3 लिटर चीक पाजा, 8 ते 12 तासांनी आणखी 2 लिटर. 24 तासांनंतर प्रतिपिंडं रक्तात जात नाहीत, तरी तीन-चार दिवस चीक चालूच ठेवा; जंतू आतड्यात आहे, तिथं ती उपयोगी पडतात. वार (जार) पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही, ही समजूत कृपा करून सोडा. खरवस करायचाच तर वासराचं पोट भरून उरलेल्या चिकाचा करा. खानापूरकडं पावसाळ्यात जमीन ओलीच राहते. तिथं विण्याच्या जागी कोरडं पिंजर रोज बदलायला हवं.

हगवण लागली तर दूध तोडू नका. ओआरएसची 1 लिटरची पुडी 1 लिटर कोमट पाण्यात कालवून, दोन दुधांच्या मध्ये 2-2 लिटर, दिवसातून दोनदा पाजा. दुधात मिसळू नका. डोळे खोल गेले, वासरू चोखेना किंवा उठेना, तर तोंडानं ओतू नका, फुफ्फुसात जातं. त्याला शिरेतून सलाईनच लागतं, डॉक्टरांना लगेच बोलवा. नुसत्या अँटिबायोटिकनं गेलेलं पाणी भरून येत नाही.

मुलांबद्दल : एफ-5 जी साखर धरतो, ती माणसाच्या शरीरात तयारच होत नाही, म्हणून हा प्रकार सहसा माणसाच्या आतड्याला चिकटत नाही. पण वासराच्या हगवणीत साल्मोनेला किंवा क्रिप्टोस्पोरिडियम हे दुसरे जंतूही असू शकतात आणि ते माणसाला लागतात. लहान मुलांना आजारी वासराजवळ जाऊ देऊ नका, शेण काढल्यावर हात साबणानं धुवा.