कॉन्फिगर अडलं तर पुढे काय? एचटॉप सोर्समधून बसवताना

लिनक्सवर कोणता प्रोग्रॅम किती प्रोसेसर आणि किती मेमरी खातोय, हे टर्मिनलमध्येच रंगीत पट्ट्यांनी दाखवणारं साधन म्हणजे एचटॉप. हिशाम मुहम्मद यांनी ते २००४ मध्ये आणलं. २०२० च्या ३.० आवृत्तीपासून नवी टीम ते सांभाळते आहे. सोर्समधून, म्हणजे मूळ कोडवरून स्वतः बनवून, प्रोग्रॅम बसवायला शिकणाऱ्यांना मी नेहमी हेच सुचवतो. सी भाषेतला छोटा प्रकल्प आहे आणि कॉन्फिगर (लागणारं सगळं यंत्रावर आहे का ते तपासणं), मेक (कोडवरून प्रोग्रॅम बनवणं), मेक इन्स्टॉल (तो जागेवर बसवणं) या तिन्ही पायऱ्या त्यात नीट दिसतात. त्यावर आलेले हे प्रश्न.

प्रश्न : गिटवरून (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली) कोड घेतला, पण फोल्डरमध्ये कॉन्फिगर नावाची फाइलच नाही. कोड अर्धवट उतरला का?

नाही, कोड पूर्ण आहे. कॉन्फिगर कोणी हाताने लिहीत नाही. कॉन्फिगर डॉट एसी या फाइलवरून ऑटोकॉन्फ ती तयार करतं, आणि अशा तयार झालेल्या फाइली गिटमध्ये ठेवत नाहीत. ऑटोकॉन्फ आणि ऑटोमेक बसवा, फोल्डरमधलं ऑटोजेन डॉट एसएच चालवा, की कॉन्फिगर हजर. रिलीजचा टारबॉल, म्हणजे प्रकल्पाने प्रकाशित केलेला कोडचा गठ्ठा, घेतलात तर ती त्यात आधीच असते.

प्रश्न : एनकर्सेस (टर्मिनलवर पट्ट्या, रंग दाखवायला मदत करणारी लायब्ररी) सापडत नाही म्हणून कॉन्फिगर थांबतं. माझ्या उबुंटूवर एनकर्सेस आहे! तीनदा पुन्हा बसवून झालं.

तुमचंही खरं आणि कॉन्फिगरचंही खरं. एनकर्सेस वापरणारा तयार प्रोग्रॅम चालवायला लागणारा भाग तुमच्याकडे आहे. नवा प्रोग्रॅम बनवताना मात्र कंपायलरला हेडर फाइली (लायब्ररीत काय काय आहे ते सांगणाऱ्या) लागतात आणि लिंकरला (तयार तुकडे जोडणाऱ्या साधनाला) लायब्ररीकडे नेणारा दुवा लागतो. उबुंटू आणि डेबियनवर हा दुसरा भाग वेगळ्या पॅकेजमध्ये असतो, नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असलेल्या. फेडोरावर ‘डेव्हेल’. इथे हवं आहे ते लिब-एनकर्सेस-डेव्ह.

असं अडलं की कॉन्फिग डॉट लॉग उघडा. शेवटच्या ओळी सोडून द्या, तिथे नुसती व्हेरिएबलांची यादी असते. वर सरकत ‘एरर’ शोधा. कॉन्फिगरने स्वतःच लिहिलेला चार ओळींचा सी प्रोग्रॅम तिथे दिसेल आणि त्याच्या आसपास कंपायलरची किंवा लिंकरची नेमकी तक्रार. ती ओळ वाचायची सवय लागली, की निम्म्या अडचणी विचारायचीही गरज उरत नाही.

तक्रारीत एनकर्सेसडब्ल्यू असं नाव असेल, तर त्यातला डब्ल्यू म्हणजे ‘वाइड’, रुंद अक्षरांसाठीची आवृत्ती. युनिकोड बंद करूनही एचटॉप बनवता येतं. पण आपल्या फाइलींची नावं देवनागरीत असतात, तेव्हा कृपया तसं करू नका.

प्रश्न : कॉलेजच्या लॅबमध्ये सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवण्याची सोय) नाही. मग बसवताच येणार नाही ना?

येईल की! कॉन्फिगरला प्रीफिक्सचा (कुठे बसवायचं ते सांगणारा) पर्याय देऊन तुमच्या होम फोल्डरमधल्या डॉट-लोकलचा पत्ता द्या. मेक इन्स्टॉलही मग सुडोशिवाय चालतं. उबुंटूवर एकदा लॉग आउट करून पुन्हा आत या, म्हणजे डॉट-लोकलमधला बिन फोल्डर पाथमध्ये, म्हणजे कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत, येईल.

प्रश्न : नवं बसवलं, तरी जुनीच आवृत्ती उघडते.

बॅशने (टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) जुना पत्ता लक्षात ठेवलाय. ‘हॅश’पुढे डॅश आणि आर, एवढी कमांड द्या.

प्रश्न : टारबॉलवर विश्वास कसा ठेवायचा? चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळला की पुरे?

चेकसम जुळला म्हणजे प्रकाशित झालेली फाइलच तुमच्यापर्यंत जशीच्या तशी पोचली, एवढंच कळतं. मुळात तिच्यात काय घातलंय हे कळत नाही. मार्च २०२४ मध्ये एसएसएचने दूरच्या संगणकावर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना खटकलं. शोध घेतल्यावर फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड युटिल्सच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा सापडला. तो जोडून देणारा बिल्डचा तुकडा टारबॉलमध्ये होता, गिटमध्ये नव्हता! म्हणून जमेल तिथे गिटवरून घ्या आणि ऑटोजेन स्वतः चालवा. त्यानेही पूर्ण हमी मिळत नाही. आणखी एक गोष्ट मी अगदी आग्रहाने सांगतो: कॉन्फिगर आणि मेक कधीही सुडोने चालवू नका. सुडो लागलंच तर फक्त मेक इन्स्टॉलला.

प्रश्न : आता काढून टाकायचंय. ॲप्टला (उबुंटूवर पॅकेज बसवणाऱ्या-काढणाऱ्या साधनाला) तर ते दिसतच नाही.

ॲप्टने बसवलं नाही, त्यामुळे त्याच्याकडे नोंद नाही. ज्या फोल्डरमध्ये मेक केलं तिथे जाऊन मेक अनइन्स्टॉल करा. फोल्डर पुसला असेल तर तीच आवृत्ती पुन्हा उतरवा आणि कॉन्फिगर पूर्वीच्याच पर्यायांनी चालवा. काही प्रकल्पांत अनइन्स्टॉलची सोयच नसते, एचटॉपमध्ये आहे. आधी मेकला डॅश-एन जोडा. म्हणजे प्रत्यक्षात काही न पुसता, काय काय पुसलं जाईल ते दिसतं. तुम्ही दिलेल्या प्रीफिक्सबाहेरची एकही फाइल त्यात नाही ना, हे पाहा आणि मगच डॅश-एन काढून तीच कमांड पुन्हा द्या.