वळवाच्या पावसानंतर पक्ष्याचं पिल्लू सापडलंय, आईबाप दिसत नाहीत. त्याला कसं वाचवू?

तुम्ही लिहिलंय की काल संध्याकाळी वळीव झाल्यावर राजारामपुरीत तुमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये हे पिल्लू दिसलं. डोकं काळं, शेपटीखाली फिकट तांबूस, उडता येत नाही, पण बोटावर घट्ट बसतं. रात्रभर बुटाच्या खोक्यात ठेवलंय, कापसाच्या बोळ्याने दूध पाजायचा प्रयत्न केलाय, आणि आता पाळावं का असं विचारताय.

दूध आधी बंद करा आणि खोकं घेऊन खाली जा. वर्णनावरून ते बुलबुलाचं पिल्लू वाटतं, आणि ते पोरकं झालेलं नसावं. त्याचे आईबाप बहुतेक आत्ता त्याच पार्किंगच्या आसपास त्याला हाका मारत फिरत असतील.

बुलबुलाची पिलं अंड्यातून निघाल्यावर बारा-तेरा दिवसांतच घरटं सोडतात, म्हणजे नीट उडता येण्याच्या आधीच. पुढचे काही दिवस ती झुडपात, कुंपणावर, कधी सरळ जमिनीवर असतात. शेपूट आखूड, चोचीच्या कोपऱ्यांना पिवळी कड, उडी मारली की दोन हात जाऊन धप्पकन खाली. बघणाऱ्याला वाटतं पडलंय, जखमी आहे. खरं तर ते शिकत असतं, आणि आईबाप दिवसभर तिथेच येऊन त्याला भरवत असतात. बोटावर घट्ट पकड धरणारं, अंगावर पिसं असलेलं पिल्लू म्हणजे घरटं सोडायच्या वयाला आलेलं पिल्लू. त्याला घरट्यात परत कोंबलं तरी ते पुन्हा उडी मारणार.

आमच्या गल्लीत हे दर उन्हाळ्यात बघायला मिळतं. पिल्लू जास्वंदीच्या बुडाशी गप्प बसलेलं असतं, आई चोचीत हिरवी अळी धरून केबलच्या वायरवर. खाली माणसं उभी असतील तर ती अळी गिळतही नाही आणि खालीही येत नाही, नुसती शेपटी हलवत तीच तीच तुटक हाक देत राहते. माणसं बाजूला झाली की क्षणात खाली, पिल्लाचा आ उघडतो, अळी आत, आणि ती पुन्हा वायरवर. आपण ‘आईबाप कुठे दिसत नाहीत’ म्हणत तिथेच उभे राहतो, आणि आपण उभे आहोत म्हणूनच ते येत नसतात.

तेव्हा असं करा. ज्या जागी सापडलं तिथून अगदी जवळची झाडी शोधा: मेहंदीचं कुंपण, बोगनवेल, मोठी कुंडी, काहीही. गाडीच्या चाकाखाली येणार नाही आणि मांजराला सहज मिळणार नाही अशा उंचीवर फांदीवर बसवा. मग लांब जा, शक्य असेल तर पहिल्या मजल्याच्या खिडकीतून बघा. तासभर तरी, दोन तास मिळाले तर उत्तम. रात्रभर तुमच्याकडे होतं म्हणून आईबापांनी आशा सोडली असेल असं समजू नका, एखादा दिवस गेला तरी ते शोधत असतात. आणि ‘माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते’ हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असलं तरी खरं नाही. हात लागलेलं पिल्लूही आईबाप भरवतात. ह्या समजुतीपायी किती पिलं नाहक घरात डांबली जातात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

दुधाबद्दल. कोल्हापुरात आजारी माणसाला काय आणि कुस्तीगीराला काय, पहिला विचार दुधाचाच होतो, गंगावेशीतला दुधाचा कट्टा उगाच नाही चालत. पण पक्षी सस्तन नाहीत, दूध पचवायची सोय त्यांच्या पोटात नसते, जुलाब होऊन पिल्लू गळून जातं. आणि त्याहून मोठा धोका म्हणजे चोचीत काहीही पातळ ओतणं. श्वासनळीचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, त्यामुळे थेंब-दोन थेंब पाणीसुद्धा फुफ्फुसात उतरू शकतं. बुलबुलाच्या पिल्लाला लागणारं पाणी अळ्या-किड्यांतून आणि फळांतून मिळतं. पाव, बिस्कीट, भात, यातलंही काही नको.

पिसं न फुटलेलं, डोळे मिटलेलं, गुलाबी अंगाचं पिल्लू असतं तर उत्तर वेगळं होतं. वळवाच्या वाऱ्याने घरटंच खाली येतं तेव्हा अशी पिलं सापडतात. त्यांना खाण्याआधी ऊब हवी, कारण गारठलेल्या पिल्लाला दिलेलं पचत नाही. खोक्यात मऊ सुती कापड, एका बाजूला कोमट पाण्याची बाटली मोज्यात घालून, म्हणजे फार गरम वाटलं तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येतं. अंग ऊबदार झालं की घरट्यात परत. घरटं मोडलं असेल तर बुरडाकडे मिळते तशी छोटी दुरडी घ्या, तळातून पाणी निथळेल असं बघा, वाळलेलं गवत भरा आणि सुतळीने त्याच झाडाला, जमेल तितकं जुन्या जागेजवळ बांधा. आईबाप पिलांच्या आवाजावर येतात. संध्याकाळी उशिरा सापडलं तर रात्र अंधाऱ्या, शांत खोलीत काढू द्या (रात्री आईबापही भरवत नाहीत) आणि उजाडता उजाडता बाहेर न्या.

टिटवीचं मात्र सगळं निराळं. माळावर, मोकळ्या मैदानात ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू एकटंच निपचित बसलेलं दिसलं तर त्याला हातच लावू नका. ती अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात चालायला लागतात आणि धोका दिसला की दगडासारखी गप्प पडून राहतात. वर ओरडत घिरट्या घालतेय तीच आई. आणि जुन्या वाड्यात पांढऱ्या लवेचं, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराच्या तोंडाचं, फिस्स करणारं पिल्लू खाली आलेलं दिसलं तर ते गव्हाणी घुबडाचं. अपशकुन म्हणून त्याला काठीने हाकलताना कोणी दिसलं तर कृपा करून मध्ये पडा. घरातले उंदीर तेच खातं.

पाळण्याबद्दल स्पष्टच सांगते: नको. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि आपले रानपक्षी घरात ठेवणं त्यात बसत नाही, पिंजऱ्यातला राघूसुद्धा. पण कायदा बाजूला ठेवला तरी, माणसाच्या हाताने वाढलेल्या बुलबुलाला कुठली अळी खायची, शिक्रा आला की कुठे दडायचं, हाकेला कशी हाक द्यायची, हे कोण शिकवणार? माणसाला न घाबरणारा पक्षी बाहेर सोडला की पहिल्या मांजराच्या तोंडी जातो.

उपचाराची गरज कधी, तर पंख लोंबत असेल, रक्त असेल, मान वाकडी असेल, किंवा मांजराने तोंडात धरलं असेल. हे शेवटचं फार महत्त्वाचं. मांजराच्या दाताची जखम पिसांत दिसतसुद्धा नाही, पण तिच्या तोंडातल्या जंतूंनी पिल्लू एक-दोन दिवसांत जातं. ‘बरं दिसतंय’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी पशुवैद्याकडून प्रतिजैविक मिळायला हवं. दोन तास लांबून बघूनही एकही मोठा बुलबुल फिरकला नाही, तरी मदत घ्या. वनविभागाची हेल्पलाइन 1926 आहे. फोनवर नेमकी जागा, पिल्लाच्या अंगावर पिसं आहेत की नाहीत, जखम आहे का, आणि तुम्ही काय भरवलंत (दुधाचंही सांगा) एवढं सांगा. माणूस येईपर्यंत झाकण लावलेल्या, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, आणि मुलांना सारखं उघडून बघू देऊ नका. आपल्याला ती माया वाटते, त्याच्या लेखी मात्र प्रत्येक वेळी शिकारीच डोकावत असतो.

आत्ता खाली जाताना वॉचमनला आणि तळमजल्यावर ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांना सांगून ठेवा. तीन-चार दिवस मांजर दिवसा घरात राहिलं तरी तेवढ्यात हे पिल्लू उडायला लागेल.