संध्याकाळच्या उन्हातलं दगडी चर्च जलरंगात मातकट होतं, कोणता पिवळा घ्यावा?

यलो ऑकर, म्हणजे मातीच्या छटेचा पिवळा, घ्या. पण तुमचं दुखणं पिवळ्याचं नाही. तुम्ही लिहिता तसं छावणीतल्या जुन्या चर्चसमोर तासभर बसून भिंत मातकट झाली, म्हणजे तुम्ही सावलीच्या मागे धावलात.

जुन्या चर्चची वेदी बहुधा पूर्वेला आणि मुख्य दार पश्चिमेला, म्हणून संध्याकाळचं सगळं ऊन दर्शनी भिंतीवर येतं. त्याच वेळी समोरच्या झाडांची, कंपाउंडची सावली पायथ्यापासून वर चढू लागते. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी सूर्य जेमतेम दहा अंशांवर असतो, सावली उंचीच्या साडेपाचपट. पुढच्या वीस मिनिटांत ती दुप्पट. दिसेल तशी बदलत गेलात की थरावर थर चढतो, खालचा पिवळा सुटून सावलीच्या निळ्यात मिसळतो आणि चिखल होतो.

म्हणून रेखाटन चारलाच उरकायचं, ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड कागदावर. सूर्यास्ताला पाऊण तास उरला की सावलीची कड पेन्सिलीने आखायची, नंतर ती कुठेही जावो. मग ऑकरमध्ये किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घालून पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, कमानींवरूनही सरळ. आपल्याकडे फेब्रुवारीनंतर कागद बघता बघता सुकतो. रंग आधीच भरपूर कालवून ठेवा आणि १२ नंबरचा ब्रश घ्या, नाहीतर मध्येच कड पडते. वॉश पूर्ण सुकल्यावर अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएनाची सावली, एकदाच, न घासता. काळा अजिबात नको.

कमानीचं पोट, म्हणजे तिची खालची बाजू, नीट बघा. आवारातल्या मुरमावरचं ऊन तिथे खालून लागतं, सावलीतही तांबूस झाक असते. सावली ओली असतानाच तिथे सिएनाचा एक थेंब सोडा. दगड आठ-दहाच दाखवा, तेही ऊन-सावलीच्या कडेला. दगडांमधल्या सगळ्या दरजा मारल्या की भिंतीची फरशी होते.

उरलेलं घरी करा. ‘जागेवर संपलं नाही तर ते लँडस्केपच नव्हे’ असं एका स्पर्धेच्या परीक्षकांनी मला सुनावलं होतं. मला ते आजही मान्य नाही. फ्रेंच चित्रकार मोनेने १८९२-९३ मध्ये फ्रान्समधल्या रूआँच्या कॅथेड्रलसमोर बसून तीसहून अधिक कॅनव्हास रंगवले. ऊन बदललं की तो कॅनव्हास बदलायचा, आणि शेवटचा हात त्याने जिव्हेर्नीच्या आपल्या घरच्या स्टुडिओत फिरवला. ती चित्रं खोटी म्हणायची का?

हे सगळं जलरंगाचं. तैलरंगात गडद सावली आधी येते. आणि तुमचं चर्च चुन्याने पांढरं केलेलं असेल, तर पहिला वॉश याच्या निम्म्याने पातळ ठेवा.