पोथी कुणाची साक्ष देते?

प्रश्न : आमच्या देवस्थानच्या जत्रेच्या पुस्तिकेत छापलंय, की सह्याद्रिखंडानुसार (स्कंदपुराणाचा भाग मानली जाणारी पोथी) परशुरामाने आमच्या पूर्वजांना त्रिहोत्राहून, म्हणजे बिहारकडच्या तिरहुताहून, गोमंतकात आणलं आणि देऊळही तेव्हापासूनचंच. भाचा म्हणतो, सगळ्या भाकडकथा. इतिहासकार अशा पोथीला पुरावा मानतात का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : मानतात, पण परशुरामाचा नव्हे. पोथी आधी साक्ष देते ती लिहिणाऱ्याच्या काळाची. त्यात सह्याद्रिखंड एकाच्या हातचं नाही, त्यात वेळोवेळी भर पडत गेली. आपल्या गोव्याचेच डॉ. जुझे जेर्सन द कुन्हा यांनी निरनिराळी हस्तलिखितं ताडून १८७७ साली ते मुंबईत छापलं. वाचताना मी आधी पाहतो, वाखाणणी कुणाची चाललीय आणि नालस्ती कुणाची. इथे सारस्वतांचा गौरव आहे, चित्पावनांच्या उत्पत्तीची कथा मात्र त्यांनी कानांवर हात ठेवावेत अशी. लिहिणारा कुठल्या पंगतीत बसत होता, ते कळतं.

तरीही पोथी टाकाऊ नाही. तिच्यातलं मठग्राम म्हणजे मडगाव, कुशस्थळी म्हणजे कुठ्ठाळी. ही गावं पोथी रचणाऱ्याला ठाऊक होती. थोरवी सांगण्याच्या ओघात सहज येऊन गेलेला असा तपशील मला जास्त भरवशाचा वाटतो.

देवळांपुरतं म्हणाल तर माझा भर दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या १५६७ च्या फोरालावर, म्हणजे पोर्तुगीजांच्या जमीन-महसुलाच्या नोंदवहीवर. त्याच सुमारास तिथली देवळं पाडली जात होती, आणि पोर्तुगीज कारकून कुठल्या गावात कुठल्या देवाची जमीन ते टिपून ठेवत होते. त्यांना देवाचा महिमा गायचा नव्हता, उत्पन्न हवं होतं. म्हणून ‘अमुक देवाचं शेत’ असं तिथे दिसलं की मी मुकाट मान्य करतो. देऊळ किती जुनं, ते मात्र त्या कारकुनालाही माहीत नव्हतं.

हाच काटा ख्रिस्ती कथांनाही लावावा लागतो, नाहीतर शेजाऱ्यापाजाऱ्यांना तोंड कसं दाखवणार? तिसऱ्या शतकातल्या ‘थॉमसची कृत्ये’ या ग्रंथात संत थॉमस हिंदुस्थानातल्या गोंडोफारिस राजाकडे येतो. पुढे एकोणिसाव्या शतकात त्या राजाची नाणी सापडली, पेशावरकडच्या तख्त-इ-बाहीचा शिलालेखही मिळाला. राजा खरा ठरला. थॉमस त्याच्या दरबारात आला होता का, यावर नाणी गप्पच.

तेव्हा भाच्याचंही पुरतं खरं नाही. पुस्तिकेत ‘इतिहास सांगतो’ याऐवजी ‘सह्याद्रिखंडात अशी कथा आहे’ एवढं छापा. महाजनांपैकी कुणाची हरकत असेलसं वाटत नाही. आणि देवस्थानच्या पेटीत मोडी कागद असतील तर वाळवीच्या आधी तुम्ही ते गाठा. तेल, नारळ, वाजंत्र्यांचा मुशारा अशी एखादी जमाखर्चाची वही मला शंभर श्लोकांहून कामाची. फक्त लॅमिनेशन करू नका.