आमच्याकडे १२ कामगार, योजनेची मर्यादा २०. तरी लघुउद्योग अनुदानाला अपात्र कसे?

बहुधा मालकीमुळे. आकडा नेहमी तुमच्या एकट्या फर्मचाच धरतात असं नाही. निम्म्याहून जास्त हिस्सा दुसऱ्या कंपनीकडे असेल, तर बऱ्याच योजनांत तिचे कामगार आणि उलाढालही तुमच्यात मिळवतात. तिचे ४० असले की तुम्ही ५२ चे झालात! नियमावलीत ‘संलग्न उद्योग’ची व्याख्या बघा, लोक नेमकं तेच पान सोडतात. अर्धवेळ माणसं मात्र अनेक ठिकाणी पूर्णवेळात रूपांतरित करून मोजतात, अर्ध्या वेळेचे ४ म्हणजे २.

पुन्हा अर्ज करणार असाल तर मंजुरीपत्र हातात येईपर्यंत मशीनची ऑर्डर देऊ नका, ॲडव्हान्ससुद्धा नको. पर्चेस ऑर्डरवर मंजुरीआधीची तारीख दिसली की तो खर्च सहसा कापला जातो. मदतीशिवायही तुम्ही ते घेणारच होतात, असा त्याचा अर्थ काढतात. बरीच अनुदानं खर्चानंतर परतफेडीने मिळतात, तेव्हा पूर्ण रक्कम आधी तुम्हालाच उभी करावी लागते. बँकेशी आधीच बोलून ठेवा. त्याच मशीनवर दुसऱ्या योजनेतून काही घेतलं असेल तर अर्जात दाखवा. लपवलेलं नंतर सापडलं तर दिलेली रक्कमही परत मागतात.