जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये (गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या घरात) कमी खर्चात सामान कसं लावावं? ओळखीचे म्हणतात तसे प्लॅस्टिकचे ड्रॉवरवाले स्टँड घ्यावेत का?

नका घेऊ. तुमच्या ओळखीच्यांनी कितीही छातीठोकपणे सांगितलं असलं तरी ते तीन खणी स्टँड अजिबात घेऊ नका. 22 फुटी सेकंडहँड ट्रेलर, दोन मुलं, शंभर डॉलरचं बजेट आणि जेवण मात्र आपलंच हवं, एवढं तुम्ही लिहिलंय. ते वाचून तुमचे हे ओळखीचे कसे असतील ते लगेच डोळ्यांसमोर आलं. असे एक गृहस्थ आमच्याकडेही आहेत. आमचे साडू.

पण आधी कामाचं. घर लावल्यासारखा ट्रेलर लावायला गेलात की फसलात. घर जागचं हलत नाही. ट्रेलरचं प्रत्येक कपाट मिशिगनच्या खड्ड्यांतून ताशी साठ मैलांनी जातं. आणि जागा संपायच्या आधी वजनाची मर्यादा संपते. बहुतेक ट्रेलरवर दाराजवळ पिवळं स्टिकर असतं, किती पौंडांच्या वर सामान भरायचं नाही ते त्यावर छापलेलं असतं. तुमचं वाचलंत का? पाणीही त्यातच धरायचं. एक गॅलन म्हणजे 8.3 पौंड, तेव्हा 40 गॅलनची टाकी भरून निघालात तर सव्वातीनशेच्या वर पौंड तिथेच गेले. उरलेल्यात कुकर, गाद्या, खुर्च्या, मुलांच्या सायकली. म्हणून लाकडी क्रेट, काचेच्या बरण्या, वेताच्या जड टोपल्या असल्या फोटोत छान दिसणाऱ्या गोष्टी विसरा. जड ते खाली आणि एक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या जवळ, किंवा जरासं पुढे. सगळं मागे कोंबलंत तर हिचवरचा, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात त्या सांध्यावरचा भार कमी होतो आणि ट्रेलर रस्त्यावर झोके घ्यायला लागतो. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर असावा. ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर एकदा भरलेला ट्रेलर नेऊन बघा, फार पैसे लागत नाहीत.

आता साडूभाऊ.

आम्ही डेट्रॉइटकडचे, ते शिकागोचे. एका सप्टेंबरात दोन्ही घरं मिळून मिशिगनच्या उत्तरेला मॅकिनॉ पुलाच्या पलीकडे, सुपीरियर सरोवराकाठचे पिक्चर्ड रॉक्सचे कडे बघायला जायचं ठरलं. ट्रेलर आमचा, तो माझ्या गाडीला. ते त्यांच्या गाडीतून मागे. निघायच्या आदल्या रात्री मी सामान लावत होतो. स्टीलचे डबे एका भांडी घासायच्या टबात, मधल्या फटींत पंचे आणि नॅपकिन दाबून, टब बाकड्याखाली. मिसळणाच्या डब्यात वाट्यांच्या तोंडावर रबरी शेल्फ लायनरचा गोल कापून बसवला, वर झाकण, झाकणाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा. पांघरुणं जुन्या साडीत बांधून कोपऱ्यात. साडूभाऊ हात मागे बांधून बघत होते. म्हणाले, "अहो, इतकी वर्षं अमेरिकेत राहून अजून गाठोडी बांधताय?" आणि त्यांनी डिकीतून तो स्टँड काढला. तीन पारदर्शक खण, नवा कोरा, लेबलं चिकटवलेली. खाली चाकं.

चाकं! चालत्या वाहनात ठेवायच्या कपाटाला!

वरच्या खणात तिखट, हळद, गोडा मसाला. मधल्यात तूरडाळ, मूगडाळ, रवा, सगळं झिपच्या पिशव्यांतून. सर्वांत खाली काय, तर कागदी ताटल्या. म्हणजे जड वर, हलकं खाली. भरला होता मेव्हणीने, बायको शेजारी उभी, त्यामुळे मी तोंड उघडलं नाही. फ्रिज आणि पलंगाच्या मधे तो उभा केला, एक बंजी दोरी आडवी ताणली, झालं.

पूल उतरून उत्तरेला गेलं की पश्चिमेकडे जाणारा एम-28 महामार्ग लागतो. सिनीपासून शिंगल्टनपर्यंत पंचवीसेक मैल रस्ता ओळंब्यात धरल्यासारखा सरळ, दोन्हीकडे दलदल आणि झुडपं. संध्याकाळ होत आली होती. डावीकडून हरिण आलं, मी ब्रेक मारला, हरिण गेलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. म्युनिसिंगला मुक्कामाच्या जागी पोचून दार उघडलं तर स्टँड तोंडावर आडवा, वरचे दोन खण बाहेर, दोन पिशव्या फुटलेल्या. डाळ सगळीकडे. डाळीचं काही नाही, ती झाडता येते. तिखट मात्र अर्ध्याहून जास्त कुठे गेलं ते त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. झाडलं, पुसलं, पिठलं-भात करून झोपलो.

तिकडे सप्टेंबरात पहाटे चांगलं गारठतं. तीनच्या सुमाराला थर्मोस्टॅटने फर्नेस, म्हणजे ट्रेलर गरम करणारी भट्टी चालू केली, आणि तिखट कुठे गेलं होतं ते सगळ्यांना एकदमच कळलं. फरशीत गरम हवेच्या ज्या जाळ्या असतात, त्यातल्या एकीतून ते खालच्या हवेच्या नळीत उतरलं होतं. पंख्याने ते ट्रेलरभर उडवलं. असा ठसका मी फोडणीतसुद्धा अनुभवलेला नाही. पोरं डोळे चोळत बाहेर, मेव्हणी शाल नाकाला लावून बाहेर, साडूभाऊ लुंगीवर बाहेर. सकाळी शेजारच्या आजोबांकडून छोटा व्हॅक्यूम मागून आणला, जाळीचे स्क्रू काढले आणि आत हात घालून लालभडक धूळ उपसली. माझा मिसळणाचा डबा उघडला तर मोहरी मोहरीच्या वाटीत, जिरं जिऱ्याच्या.

तर आजही, गणपती असो की कुणाचं बारसं, हा विषय निघाला की साडूभाऊ म्हणतात, "स्टँडचा काय दोष? मी मागून बघत होतो ना, ब्रेकच तसा मारला." तुम्हीच सांगा. वाहन आहे म्हणजे ब्रेक लागणारच. हरिण आलं नसतं तर टोरांटोला जाणारा ट्रक आला असता. ब्रेक लागल्यावर जी व्यवस्था कोसळते ती बैठकीच्या खोलीत ठेवा. पाच माणसं साक्षीला असताना हा वाद अजून चालू आहे, याचं मला खरंच नवल वाटतं.

असो. शंभर डॉलरचं म्हणाल तर तेवढे लागणारही नाहीत. डॉलर ट्री या स्वस्त वस्तूंच्या दुकानात (2021 च्या अखेरीला तिथे डॉलरचा सव्वा डॉलर झाला, पण नाव तेच) स्प्रिंगवाले पडद्याचे दांडे घ्या. ते फ्रिजमध्ये आणि वरच्या कपाटात दाराच्या आतून आडवे ताणून बसवायचे, म्हणजे दार उघडल्यावर वस्तू डोक्यात पडत नाही. जाळीदार रबरी लायनरचे दोन गुंडाळे घ्या आणि प्रत्येक खणात अंथरा. दारावर अडकवायची बुटांची कप्प्यांची पिशवी घ्या, पण ती बुटांसाठी वापरू नका. आडवी दोन तुकड्यांत कापा, एक न्हाणीघराच्या दाराला साबण-ब्रशसाठी, दुसरी मुलांच्या पलंगाशी. बूट दाराशी एका टबात. कांदे-बटाट्यांना जाळीचं शिंकं उत्तम, हवा लागते आणि जागा खात नाही. फक्त निघताना ते उतरवून सिंकमध्ये ठेवायचं. सिंक ही प्रवासातली सर्वांत चांगली पेटी आहे, तेलाची बाटली, चहाचं भांडं, सगळं त्यात. कपडे सूटकेसमध्ये नकोत, सूटकेस रिकामी झाली तरी तेवढीच जागा अडवते. कापडी पिशव्या घ्या, माणशी एक. गोधड्या उशीच्या अभ्र्यांत भरल्या की दिवसा टेकायला लोड होतात. हवा काढून घेण्याच्या पिशव्यांनी जागा वाचते, वजन तितकंच राहतं.

डबे कायम पूर्ण भरलेले ठेवा. अर्धा डबा वाजतो, आणि वाजतो तो आज ना उद्या उघडतो. आठवड्याला लागेल तेवढंच न्या, डाळ-तांदूळ तिकडेही मिळतात. तिखट मिळत नाही, ते घरून न्या.

आता सांगायचं राहिलेलं. बाकड्याखाली किंवा पलंगाखाली फर्नेसला हवा ओढून घेणारी मोठी जाळी असते, तिच्यासमोर काहीही कोंबायचं नाही, फर्नेस तापून बंद पडते. विजेच्या कन्व्हर्टरभोवतीही मोकळी जागा हवी, आणि पाण्याच्या पंपापर्यंत हात पोचला पाहिजे. ट्रेलरच्या भिंती पातळ प्लायच्या असतात. आतली लाकडी पट्टी सापडल्याशिवाय स्क्रू मारू नका, मागे वायर असू शकते. चिकटवायचे हूक उन्हात उभ्या ट्रेलरमध्ये सुटतात, त्यांच्यावर टॉवेलपेक्षा जड काही टांगू नका. टेपने सगळी कपाटं आतून मोजल्याशिवाय एकही डबा विकत घेऊ नका, हे खरं तर मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. गरम हवेच्या जाळ्यांवर प्रवासात पायपुसणी टाका आणि मुक्कामी पोचल्यावर आठवणीने उचला. आणि हिवाळ्यासाठी ट्रेलर उभा कराल तेव्हा डाळीचा दाणाही आत ठेवू नका, गोधड्याही घरात आणा. उंदरांना दोन्ही लागतं, एक खायला आणि दुसरं घर करायला.